जात्यावाचून ओवी

ज्या कष्टांतून एखादे गाणे जन्माला आले ते कष्ट संपले, आणि ते संपले हे फार चांगले झाले असे आपण सारेच मानतो. मग त्या गाण्याविषयी हळहळ बाळगण्याचा अधिकार आपल्याला उरतो का? हा प्रश्न वरवर पाहता रिकामपणाचा वाटेल. पोटापाण्याच्या, शिक्षणाच्या, पाण्याच्या प्रश्नांनी गांजलेल्या धुळे जिल्ह्यात धर्मगुरूने गाण्यांविषयी चिंता करीत बसावे, हे काही वाचकांना रुचणारही नाही. परंतु गेले वर्षभर हा प्रश्न माझ्यापुढे एका तरुणाच्या रूपाने वारंवार उभा राहिला आहे, आणि त्याला टाळणे मला जमलेले नाही.

हा तरुण धुळ्याचा. त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. शिक्षणासाठी तो पुण्यात राहतो आणि तेथील एका महाविद्यालयीन रेडिओवर आठवड्यातून एकदा अर्धा तास कार्यक्रम करतो. त्याच्या वयाची इतर मुले नव्या चित्रपटांतील गाणी लावतात, परीक्षेविषयी थट्टामस्करी करतात, मित्रांच्या फर्माइशी पुऱ्या करतात. हा मात्र अहिराणीत बोलतो आणि खान्देशातील जुनी गाणी ऐकवतो. आखाजीची झोक्यावरची गाणी, गुलाबाईची गाणी, डफाच्या साथीने होणारे वहीगायन, जात्यावरच्या ओव्या. सुट्टीत घरी आला की पाठीवरच्या पिशवीत एक लहानसे ध्वनिमुद्रणयंत्र घेऊन तो खेड्यांतून हिंडतो. आजीच्या वयाच्या बायांसमोर मांडी घालून बसतो आणि त्यांना गायला लावतो. त्याच्या घरच्यांना या छंदाचे कौतुक आहे, पण काळजीही आहे. "फादर, यातून पुढे काय?" असे त्याच्या वडिलांनी मला विचारले तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हते.

महाविद्यालयांना असे रेडिओ चालविता येतात हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. आपल्या देशात ध्वनिलहरींवर दीर्घकाळ सरकारची मालकी होती. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये दिला आणि दार किलकिले झाले. २००२ च्या अखेरीस शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना लहान केंद्रे चालविण्याची मुभा मिळाली. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र २००४ मध्ये सुरू झाले, ते अशा केंद्रांतले पहिले. पुण्यातही विद्यापीठाचे केंद्र निघाले. जळगावच्या खान्देश कॉलेज एज्युकेशन सोसायटीनेही असे केंद्र चालविले आहे. या केंद्रांची प्रक्षेपणशक्ती जेमतेम शंभर वॅट. दहापंधरा किलोमीटरच्या पलीकडे आवाज पोहोचत नाही. स्वतःच्या बातम्या देण्यास मनाई. मात्र निम्मे तरी कार्यक्रम त्या केंद्रानेच, आपल्या परिसरातील लोकांना बरोबर घेऊन तयार करावेत अशी अट आहे, आणि ते लोकांच्या भाषेत किंवा बोलीत असावेत अशी अपेक्षा आहे.

आता यातली गंमत पाहा. ज्या खेड्यांतील गाणी हा मुलगा लावतो त्या खेड्यांत ती ऐकू येत नाहीत. ती ऐकू येतात तीनशे किलोमीटर दूर पुण्यात. परंतु तेथे ती अगदीच परकी आहेत असेही नाही. चाकण-चिंचवडच्या कारखान्यांत काम करणारे, रिक्षा चालविणारे, बांधकामावर राबणारे किती तरी लोक धुळ्या-जळगावचे, नंदुरबारचे आहेत. श्रावणात कानबाईचे रोट आले की गाड्या भरभरून माणसे गावाकडे धावतात, त्यात पुण्याहून येणारी असतात तशी सुरतेहून आणि मुंबईहूनही. घराबाहेर शुद्ध मराठी आणि घरात दाराआड अहिराणी अशी दुहेरी वस्त्रे ही माणसे वापरीत असतात. त्यांच्या कानावर एखाद्या संध्याकाळी रेडिओतून 'शे' आणि 'बठ्ठा', 'आंडोर' आणि 'आंडेर' हे शब्द पडतात तेव्हा काय होत असेल? मुलगा म्हणतो, पहिला फोन आला तो एका सुरक्षारक्षकाचा. तो काही बोललाच नाही. "कोणतं गाव तुमनं?" एवढेच त्याने विचारले आणि उत्तर ऐकून फोन ठेवून दिला.

धुळे हे जपणुकीचे शहर आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांचे येथे ३१ डिसेंबर १९२६ रोजी निधन झाले आणि दहा दिवसांच्या आत त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. गावोगाव हिंडून त्यांनी जमविलेली दप्तरे त्या वास्तूत जपली गेली. इतक्या त्वरेने एखाद्या विद्वानाचे ऋण मान्य करणारी शहरे फार नसावीत. पण दप्तरात कागद मावतो, कंठ मावत नाही. अहिराणीची जी पहिली मोठी शास्त्रीय नोंद झाली ती ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणात, १९०७ साली निघालेल्या खंडात, भिल्ली बोलींच्या सोबतीने. पुढे नव्वदच्या दशकात रमेश सूर्यवंशी यांनी अहिराणीचा शब्दकोश सिद्ध केला. खानेसुमारीत २००१ साली खान्देशी बोलणाऱ्यांची संख्या वीस लाखांवर होती, ती २०११ मध्ये साडेअठरा लाखांच्या आसपास आली. लोकसंख्या वाढत असताना बोलणारे घटले. माणसे मेली म्हणून हा आकडा घटला नाही. 'तुमची भाषा कोणती' या प्रश्नाला दिले जाणारे उत्तर बदलले, असे मला वाटते.

पहिल्या प्रश्नाकडे वळतो. महाराष्ट्रातील जात्यावरच्या ओव्यांचे सर्वांत मोठे काम हेमा राईरकर आणि फ्रान्समध्ये जन्मलेले गी पॉइटविन यांनी पुण्यात राहून केले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यांतील स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक ओव्या टिपून घेतल्या. पॉइटविन २००४ मध्ये गेले, राईरकर २०१० मध्ये. त्या दोघांचे कष्ट वाया गेले नाहीत. तो संग्रह आज सर्वांना खुला आहे. एक लाख ओव्या! हा आकडा वाचून आपण थक्क होतो, पण त्यामागचा हिशेब आपल्या ध्यानात येत नाही. एका घराचे पीठ दळायला पहाटेचे दोन-तीन तास लागत. भाकरी रोज लागते, म्हणजे दळण रोजचे. विजेची गिरणी आली आणि एका पिढीत हे सारे थांबले. थांबले तेव्हा कोणत्या बाईने अश्रू ढाळले? आमच्या तरुणाने एका म्हातारीला विचारले, "आजी, जातं गेलं, वाईट वाटतं का?" तिने तळहात पुढे केले. त्यावरचे घट्टे पन्नास वर्षांनंतरही गेले नव्हते. "गिरनी उनी ते देवच उना," ती म्हणाली. आणि मग तिने ओवी म्हटली.

हे दोन्ही एकाच तोंडून आले, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. जाते गेल्याचा आनंद आणि ओवीची ओढ यांत तिला विसंगती दिसली नाही. विसंगती आपल्याला दिसते, कारण आपण ओवीला जात्याची स्तुती समजतो. ओवी ही जात्याची स्तुती कधीच नव्हती. ती जात्याला दिलेले उत्तर होती. दगड बाईकडून हात मागत होता, पाठ मागत होता, झोप मागत होता. तो तिचे मन मागू शकत नव्हता, आणि ते मन तिने गाण्यात ठेवले. पहाटेच्या अंधारात घरातील पुरुष निजलेले असताना तिला बोलण्याची जी एकच जागा मिळाली होती ती हीच. भावाची वाट, माहेरचा रस्ता, सासूचे बोलणे, मेलेले मूल, विठोबाशी भांडण, हे सारे तेथे बोलले गेले. दगड निघून गेला तरी ते उत्तर खोटे ठरत नाही. एखाद्या कैद्याने तुरुंगात लिहिलेली पत्रे आपण तुरुंग पाडल्यावर जाळून टाकीत नाही.

तरीही एक धोका उरतो, आणि तो संत ऑगस्टीन यांनी फार पूर्वी ओळखला होता. 'कन्फेशन्स'च्या दहाव्या पुस्तकात ते आपल्या कानांच्या सुखाची झडती घेतात. मिलान येथील देवमंदिरात ऐकलेल्या गीतांनी आपल्या डोळ्यांत पाणी आणले होते हे त्यांना आठवते. आपण जे गायिले जाते त्याने हेलावतो की केवळ गाण्याने, हा प्रश्न त्यांना छळतो. दुसरे घडत असेल तर आपण गाणे न ऐकलेलेच बरे, असेही त्यांना वाटून जाते. मग ते पुन्हा माघार घेतात. सेमिनरीत हे प्रकरण वाचताना मला ते अतिरेकी वाटले होते. आज वाटत नाही. म्हातारीच्या ओवीतील सुरांनी माझे डोळे भरून येतात आणि त्याच गल्लीत आज पहाटे चार वाजता उठून हंड्याने पाणी भरणाऱ्या सुनेकडे माझे लक्ष जात नाही, असे झाले तर माझे अश्रू कोणत्या जातीचे? गेलेल्या कष्टांविषयी हळवे होणे सोपे असते. ते आपल्याकडे काहीच मागत नाहीत.

बहिणाबाई चौधरींचे उदाहरण या संदर्भात टाळता येणार नाही. जळगावजवळच्या असोद्याची ही लेवा शेतकऱ्याची लेक. १८८० मध्ये जन्मली, ऐन तारुण्यात विधवा झाली, शेतात आणि घरात राबली, अक्षर शिकली नाही, आणि १९५१ च्या डिसेंबरात मरण पावली. काम करता करता ती जे गात असे ते मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ पीतांबर यांनी वेळोवेळी टिपून ठेवले होते. तिच्या पश्चात ते कागद आचार्य अत्र्यांच्या हाती पडले आणि १९५२ मध्ये पुस्तक निघाले. आज उत्तर महाराष्ट्राच्या विद्यापीठाला तिचे नाव आहे. मला या कथेत नेहमी एक गोष्ट बोचते. तिचा मुलगा स्वतः कवी होता. तो नसता तर? शेजारच्या घरात, पलीकडच्या आळीत, दुसऱ्या तालुक्यात जिचा मुलगा कवी नव्हता तिचे काय झाले?

तिचे 'पारंपरिक' झाले. हा शब्द आपण रेडिओवर शेकडो वेळा ऐकला आहे. गीत पारंपरिक, संगीत पारंपरिक. हा शब्द मोठा आदराचा वाटतो, पण त्याचा व्यवहारी अर्थ इतकाच की येथे कोणाला विचारावयाचे नाही आणि कोणाला काही द्यावयाचे नाही. आमच्या तरुणाला ज्या संगीताची मूळ गोडी लागली ते अमेरिकेतील डोंगराळ भागांतले जुने ग्रामीण संगीत, आणि त्या संगीताच्या इतिहासात ही गोष्ट फार स्वच्छ दिसते. १९२७ च्या ऑगस्टमध्ये ब्रिस्टल नावाच्या गावी कार्टर कुटुंबातील तिघांनी आपली पहिली गाणी ध्वनिमुद्रित केली: ए. पी. कार्टर, त्याची पत्नी सारा आणि भावजय मेबेल. पुढे ए. पी. कार्टर नव्या गाण्यांच्या शोधात डोंगरदऱ्यांतून हिंडू लागला. त्याच्यासोबत लेस्ली रिडल नावाचा एक कृष्णवर्णीय गिटारवादक असे. कार्टर शब्द लिहून घेई, चाल मात्र रिडल ध्यानात ठेवी, आणि घरी येऊन त्या कुटुंबाला शिकवी. गाण्यांच्या कागदांवर मालक म्हणून नाव लागले ए. पी. कार्टरचे. रिडलला कोणी ओळखले नाही, आणि ज्या म्हाताऱ्यांकडून ती गाणी आली त्यांना तर कोणीच नाही. १९६५ मध्ये माइक सीगर या संग्राहकाने रिडलला शोधून काढले.

मी ही कथा त्या तरुणाला सांगितली, तेव्हा ती त्याला आधीच ठाऊक होती. त्याने एक नियम घालून घेतला आहे. गाणे लावण्यापूर्वी तो गाणारीचे नाव आणि गाव सांगतो. आपल्या कायद्यानेही १९९४ पासून गाणाऱ्याचा आपल्या गायनावर काही हक्क मान्य केला आहे, मग गाण्याचा कर्ता कोणी का असेना. नियम चांगला आहे. पण पहिल्याच महिन्यात एक बाई म्हणाली, "मनं नाव लेवू नको." का? तर लेकाच्या सासरची माणसे पुण्यात आहेत, त्यांनी ऐकले तर काय म्हणतील. आता काय करायचे? नाव सांगितले तर तिचा शब्द मोडतो, न सांगितले तर ती पुन्हा 'पारंपरिक' होते. त्याने मधला मार्ग काढला: "या गाण्याच्या गायिकेनं आपलं नाव सांगू नका असं म्हटलं आहे." मला हे वाक्य आवडते. निनावी असणे आणि नाव राखून ठेवणे यांत अंतर आहे. पहिले दुसऱ्यांनी आपल्यावर लादलेले असते, दुसरे आपल्या हातात असते.

यापेक्षा अवघड प्रसंग आला तो गाण्यातील मजकुरावरून. लोकगीते ही काही केवळ चांदणे आणि माहेर नव्हेत. त्यांत विधवेविषयी, वांझ म्हणविल्या गेलेल्या स्त्रीविषयी, काळ्या मुलीविषयी, खालच्या मानलेल्या जातींविषयी असे काही येते की ऐकताना मान खाली जावी. एका सुंदर चालीच्या गाण्यात एका जातीचे नाव शिवीसारखे आले होते. रेडिओच्या प्रमुखांनी सांगितले, ते कडवे कापा. मुलगा म्हणाला, कापले तर ते गाणे खोटे होईल. तो माझ्याकडे आला, कारण त्याला वाटले की धर्मगुरू 'कापा' असेच म्हणणार.

या विषयावर पवित्र सभेचा स्वतःचा अनुभव आहे. १९७१ मध्ये धर्मगुरूंच्या दैनिक प्रार्थनेचे नवे पुस्तक आले. त्यात स्तोत्रसंहितेतील तीन स्तोत्रे, ५८, ८३ आणि १०९, वगळण्यात आली, आणि इतर काहींतील शापवाणीच्या ओळीही. शत्रूचे दात मोडावेत, त्याची मुले भिकेला लागावीत असे म्हणणाऱ्या त्या ओळी. परिषदेनंतरच्या त्या निर्णयामागची काळजी मला समजते. प्रार्थना म्हणणाऱ्याच्या तोंडात द्वेष पेरू नये, हे योग्यच आहे. परंतु ती स्तोत्रे बायबलमधून काढली गेली नाहीत, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. आपण ती वाचतो, त्यांवर विचार करतो, त्यांची लाज वाटून घेतो, फक्त आपली म्हणून गात नाही. (मला स्वतःला १०९ वे स्तोत्र वगळणे फारसे पटलेले नाही. छळ सोसणाऱ्याच्या संतापालाही देवापुढे जागा असावी, असे माझे मत आहे. पण हा वेगळा विषय झाला.) मी त्या मुलाला एवढेच म्हटले: जपून ठेवणे वेगळे आणि ऐकविणे वेगळे. संग्रहात ते कडवे अक्षर न बदलता ठेव. रेडिओवर मात्र ज्याला ती शिवी लागते तो माणूस कारखान्यातून थकून येऊन ऐकत बसलेला आहे, असे समजून ठरव. त्याने ते कडवे कापले, पण कापले आहे हे सांगून, आणि का कापले तेही सांगून. प्रमुखांना हे सांगणेच नको होते. मला वाटते, गुपचूप कापण्यापेक्षा हे शंभरपटीने बरे. गुपचूप स्वच्छ केलेला भूतकाळ आपल्याला कसली लाज वाटावी हेच विसरायला लावतो.

कानबाईच्या गाण्यांबाबत मात्र त्याने मलाच काही शिकविले. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, अलंकार घालून तिची स्थापना होते, रात्रभर जागरण आणि गाणी होतात, दुसऱ्या दिवशी वाजतगाजत विसर्जन. ती गाणी ध्वनिमुद्रित करायची म्हणून हा एका गावी गेला तो जानेवारीत. बाया गाईनात. पैसे नकोत, चहा घेतला, हसल्या, पण गाईनात. ते गाणे तेव्हाचे, आता कसे म्हणायचे? त्याने आग्रह केला नाही. तो श्रावणात पुन्हा गेला. पुढे त्याच्या रेडिओवर एका मित्राने परीक्षेच्या दिवसांत ते गाणे लावायला मागितले, तेव्हा यानेही नकार दिला. श्रावण येऊ दे, म्हणाला.

हा श्रद्धेचा प्रश्न नाही. तो मुलगा फारसा भाविक आहे असे मला दिसलेले नाही, आणि मी त्या देवतेचा उपासक नाही. पण पुनरुत्थानाच्या जागरणरात्री मेणबत्तीच्या उजेडात गायिले जाणारे स्तुतिगान मी ऑक्टोबरात गात नाही. वर्षातून एकदाच गायचे म्हणून ते गाणे त्या रात्रीचे असते. हातातल्या फोनवर आज जगातील प्रत्येक गाणे प्रत्येक क्षणी हजर असते. ही मोठीच सोय आहे, आणि मी ती वापरतो. पण जे केव्हाही मिळते त्याची वाट पाहता येत नाही, आणि वाट पाहणे हा त्या गाण्यांचा अर्धा अर्थ होता. आखाजीच्या गाण्यांतील सासुरवाशीण वर्षभर भावाची वाट पाहते, तेव्हा कुठे एका दिवसाचा झोका मिळतो. 'आत्ता नाही' असे म्हणणारा रेडिओचा निवेदक मी पहिल्यांदाच पाहिला.

इतके कौतुक केल्यावर त्याच्याशी माझा मतभेदही सांगितला पाहिजे. तो आजच्या अहिराणी गाण्यांचा तिरस्कार करतो. हळदीच्या रात्री डीजेवर वाजणारी, फोनवर लाखो लोक पाहतात ती गाणी. त्याला ती बाजारू वाटतात. त्यांचा आवाज मलाही सोसत नाही, आणि रात्री अकरानंतर तर मी त्यांच्याविरुद्ध पोलिसांकडे जायला तयार असतो. पण एक गोष्ट न्यायाने मान्य केली पाहिजे. ज्या भाषेत बोलल्याबद्दल शाळेत मुलांना हसले जाई, त्या भाषेतील गाण्यावर अलीकडे साऱ्या महाराष्ट्रातील लग्नमंडप नाचले. खान्देशी विनोदी चित्रफितींनी ही बोली घराघरांत नेली. विद्वानांच्या शब्दकोशांनी जे झाले नाही ते या 'बाजारू' गाण्यांनी केले. अहिराणी बोलणाऱ्या मुलाची मान त्यांनी थोडी वर केली.

आणि शुद्धतेची तारीख कोणी ठरवायची? त्याला ज्या अमेरिकन गाण्यांचे प्रेम आहे ती गाणी ध्वनिमुद्रित झाली ती तबकड्या विकण्यासाठीच, आणि त्या काळच्या शहरी लोकांना ती गावंढळ वाटत. नॅशव्हिल येथे १९२५ मध्ये सुरू झालेला ग्रामीण संगीताचा प्रसिद्ध रेडिओ कार्यक्रम एका विमा कंपनीच्या केंद्रावरून होई. आपल्याकडे आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमला परकी आणि बेसूर ठरवून बंदी घातली. आज हार्मोनियमशिवाय गावातले भजन कोणाला अस्सल वाटेल? १९५२ नंतर मंत्री बाळकृष्ण केसकर यांनी चित्रपटगीतांना आकाशवाणीवरून जवळपास हद्दपार केले. लोकांनी सुई फिरवून रेडिओ सिलोन लावला, आणि शेवटी १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू करावी लागली. केसकर अप्रामाणिक नव्हते. त्यांना संगीताचे मनापासून प्रेम होते. पण प्रेमाने माणूस हुकूमशहा होऊ शकतो. थाळनेर हे शिरपूर तालुक्यातील गाव लता मंगेशकरांचे आजोळ. आजीकडून त्या लहानपणी लोकगीते शिकल्या होत्या. त्या गळ्याने पुढे जे गायिले तेच बहुतांशी केसकरांना नको होते. आजीच्या गाण्यापासून चित्रपटगीतापर्यंतच्या या वाटेवर नेमके कोणत्या पावलाला गाणे भ्रष्ट झाले, हे मला तरी दाखविता येत नाही. आमच्या वसईकडे लग्नात म्हटली जाणारी सामवेदी गाणी आता बँडवर वाजतात. जुन्या बाया नाके मुरडतात, आणि नाचतातही.

फ्रेंच विचारवंत गाब्रिएल मार्सेल यांनी निष्ठा आणि नुसते सातत्य यांत भेद केला होता. सातत्य म्हणजे आपण बदललो नाही हे स्वतःला दाखवीत राहणे. निष्ठा ही कोणाशी तरी असते, आणि म्हणून समोरच्याच्या हालचालीबरोबर तिलाही हलावे लागते. हे मी त्या मुलाला पाठ्यपुस्तकी भाषेत समजावून सांगण्याचा प्रयत्न केला, तेव्हा तो नम्रपणे ऐकत होता, पण त्याला ते पटत नव्हते हे दिसत होते. त्याला पटविले ते दुसऱ्याच कोणी.

जिच्या हातावर घट्टे होते त्या म्हातारीला आपले गाणे रेडिओवर ऐकायचे होते. पुण्याचा आवाज तिच्या गावापर्यंत येणे शक्यच नव्हते. म्हणून गेल्या आखाजीला तो ध्वनिमुद्रण फोनवर घेऊन तिच्याकडे गेला. सगळी आळी जमली. त्याने गाणे लावले. ती लक्षपूर्वक ऐकत होती. तिसऱ्या ओवीला तिने हात वर करून ते थांबवायला सांगितले. "हाई मी अशी म्हणस का?" म्हणाली. शब्द तिचेच, आवाज तिचाच. पण तिच्या मते ती ओवी अशी नव्हती. मध्यंतरी तिचा भाऊ वारला होता, आणि भावाच्या वाटेची ती ओवी आता तिच्या तोंडी निराळ्या शब्दांनी आली. तिने ती नव्याने म्हणून दाखविली आणि जुनी पुसून टाक, असे सांगितले.

मुलगा दोन्ही ध्वनिमुद्रणे घेऊन माझ्याकडे आला. खरी कोणती, असे त्याने विचारले. पहिली अधिक जुनी, तिच्या आईने शिकविलेली. दुसरी तिची स्वतःची, आणि तिने पहिली पुसायला सांगितलेली. आम्ही संध्याकाळपर्यंत बोलत बसलो. संग्राहक म्हणून त्याला पहिली पुसवेना. तिच्या शब्दाला मान द्यायचा तर ती ठेवता येईना. शेवटी तो पुन्हा तिच्या गावी गेला आणि त्याने तिलाच विचारले, पहिली आईची म्हणून ठेवू का? तिने बराच वेळ विचार केला. मग म्हणाली, ठेव, पण माझ्या नावाने लावू नको, आईच्या नावाने लाव. आणि तिने आईचे नाव सांगितले. ते नाव त्या घरातील नातवंडांनीही तोवर ऐकले नव्हते.

पुढच्या आठवड्यात त्याने दोन्ही लावल्या, आधी आईची, मग लेकीची.